नैराश्य आणि चिंता: रोजच्या दिवसात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

नैराश्याचा किंवा चिंतेचा त्रास सुरू झाला की बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. आधी 'मन रमव', 'चांगले विचार कर'. मग पहाटे पाचला उठून योगासनं. मग उपास-नवस. मग ओळखीच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी. आणि सहा-आठ महिन्यांनी, नोकरी किंवा संसार डळमळायला लागल्यावर, मनोविकारतज्ज्ञ. यातल्या पुष्कळ गोष्टी वाईट नाहीत, पण क्रम उलटा आहे. विचार बदलणं हे थोडं बरं वाटू लागल्यावर जमणारं काम. तेच माणसाकडून त्याच्या सर्वांत आजारी दिवसांत मागितलं जातं. ते जमत नाही, आणि 'मला एवढंही जमत नाही' ही आणखी एक बोच पदरात पडते.

मी स्वतः याच वाटेने गेले. छातीत धडधड आणि रात्री जाग, म्हणून एका डॉक्टरांनी 'तेवढ्यापुरती' लिहून दिलेली गोळी मी सव्वा वर्ष घेत राहिले, कारण ती कधी आणि कशी बंद करायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे नात्यात, ओळखीत ज्यांच्या सोबत बसले, त्यांच्याकडूनही त्याच चुका त्याच जागी होताना पाहिल्या. म्हणून हे टप्पे लिहिते आहे. मधे 'तपासा' असं जिथे लिहिलंय, तिथे खरोखर थांबून बघा.

## १. सगळ्यात आधी: जिवाला धोका आहे का?

'झोपेतून उठूच नये', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'मी नसले तर बरं' असे विचार येत असतील, तर बाकीचा लेख बाजूला ठेवा. आजच एका माणसाला ते शब्दांत सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. विचारांबरोबर मनात आखणीही तयार होत असेल, तर फोनवर थांबू नका. कुणाला तरी सोबत घेऊन मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा ११२ लावा.

घरच्यांनो, विचारायला घाबरू नका. "दादा, जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. जो माणूस ते एकटाच वाहत होता, त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर हलवा किंवा कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. टोकाची वेळ बहुतेकदा थोड्या वेळाने ओसरते, आणि तेवढा वेळ मधे मिळाला की माणूस वाचू शकतो. शेती असलेल्या घरांत हे आजच करावं.

## २. चार-पाच दिवसांची नोंद

डॉक्टरांकडे गेल्यावर 'कसंतरी होतंय' याच्या पुढे शब्द फुटत नाहीत, आणि बाहेर आल्यावर सगळं आठवतं. म्हणून आधी वहीचं एक पान घ्या. रोज रात्री पाच ओळी लिहा: किती वाजता झोप लागली आणि जाग कधी आली, दिवसभरात काय खाल्लं, शरीराला काय झालं (धडधड, मुंग्या, छातीत दडपण, पोटात गोळा, अंगदुखी), कोणतं काम टाळलं, आणि मन ० ते १० मध्ये कुठे होतं. शरीराची ओळ अजिबात गाळू नका. आपल्याकडे हा आजार पुष्कळदा डोकेदुखी, ॲसिडिटी आणि अशक्तपणा यांच्या रूपानेच दवाखान्यात पोचतो आणि तिथून नुसत्या ताकदीच्या औषधांवर परत येतो.

सोबत दोन प्रश्नावल्या भरा. त्या मोफत मिळतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, एकूण २१. कोणत्याही एकीत १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटायचं, एवढाच त्यांचा अर्थ. ते निदान नव्हे.

तपासा: पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याहून जास्त काहीही लिहिलं असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, टप्पा १ वर परत जा.

आणि हो, त्रासाला दोन आठवडे होऊन गेले असतील तर नोंद पूर्ण व्हायची वाट बघत भेट लांबवू नका. भेटीची वेळ आजच घ्या, नोंद तोवर होते.

## ३. शरीर आणि डॉक्टर

थायरॉइड कमी पडलं तर नैराश्यासारखं दिसतं, जास्त झालं तर चिंतेसारखं. रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत हे नेहमी आढळतं), साखरेचे चढउतार यांनीही थकवा, चिडचिड, धडधड होते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर या तपासण्या करायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र बी-१२ कमी निघालं म्हणून 'सापडलं कारण' असं म्हणत मनाचा उपचार थांबवू नका. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

छातीत दुखणं किंवा दम लागणं पहिल्यांदाच होत असेल, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह असताना, तर 'टेन्शनमुळे असेल' हे घरी ठरवू नका. आधी ईसीजी.

आता जायचं कुणाकडे? इथे फार गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे डॉक्टर असतात आणि औषध लिहून देतात. मानसोपचार करणारे सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून, सरावातून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनाने सुरुवात चालते. झोप, भूक, काम तिन्ही बिघडली असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग गाठा. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. दाखवायला जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

ऑफिसात कळेल या भीतीने बरेच जण थांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे.

भेटीत या गोष्टी न विचारता सांगा: त्रास कधीपासून, काय करणं थांबलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, दारू-तंबाखू किती, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, गर्भार आहात किंवा बाळ हवं आहे का. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ आला होता का? कमी झोपूनही प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, हात सोडून खर्च, असं काही दिवस चाललेलं? तो काळ 'चांगला' वाटलेला असतो म्हणून कुणी सांगत नाही. पण त्यावरून औषध बदलतं.

## ४. औषध सुरू झालं तर पहिले सहा आठवडे

औषध प्रत्येकाला लागतंच असं नाही. लागलं तर नेमकं इथेच सर्वाधिक लोक गळतात, त्याचं कारण समजून घ्या. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचा त्रास पहिल्या दिवसापासून जाणवतो आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, झोपेत बदल हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होऊन बहुतेकदा कमी होतं. ज्याला हे आधी माहीत नसतं, तो पाचव्या दिवशी 'मला हे औषध सोसत नाही' म्हणत गोळी बंद करतो आणि पुढे कायम तेच सांगत राहतो.

गोळी रोज एकाच वेळी घ्या, ब्रशशेजारी ठेवा. मळमळ होत असेल तर जेवणानंतर. विसरलात म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. लैंगिक इच्छा कमी झाली तर लाजून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, त्यावर पर्याय असतात. दारू पूर्ण बंद. घोटभर दारूने त्या रात्री सैल वाटतं, पण झोप तुटते आणि दुसऱ्या सकाळी धडधड वाढलेली असते.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या गोळ्या वेगळ्या. त्या अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात, म्हणून 'हीच खरी गुणकारी' असं वाटतं. पण रोज घेतल्या तर काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागते. लिहून दिल्या तर तिथेच विचारा: किती दिवस, आणि कमी कशा करायच्या? हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. आधीच महिनोन्महिने घेत असाल तर हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. ते धोक्याचं असतं. डॉक्टरांकडून टप्प्याने कमी करून घ्या.

सावधान: पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता फार वाढली, मरणाचे विचार नव्याने आले किंवा वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं.

## ५. दिवसाची चौकट, आणि मग लहान कामं

हा टप्पा औषधाबरोबर चालतो, औषध नसेल तर तो आणखीच महत्त्वाचा. नैराश्यात आपण 'मन लागलं की करू' म्हणून थांबतो. काही करत नाही म्हणून दिवसात बरं वाटण्यासारखं काही घडत नाही, आणि मन आणखी खाली जातं. ही गाठ कामाच्या बाजूनेच सुटते, मनाच्या बाजूने हात घालता येत नाही. फक्त काम इतकं लहान हवं, की मन नसतानाही ते होईल.

आधी चौकट. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. ती ठरवा, रविवारीही तीच. उठल्यावर तासाभरात दहा-पंधरा मिनिटं उजेडात जा, गॅलरीत उभं राहिलात तरी चालेल. तीन वेळा काहीतरी पोटात जाऊ द्या. भूक नसेल तर पेज, ताकभात, केळं. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. दिवसाला सहा कप घेत असाल तर एका आठवड्यात हळूहळू खाली या, एकदम सोडल्याने डोकं दुखतं. रात्री वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, पेंग आल्यावर परत आडवे व्हा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

तपासा: सलग चार दिवस ठरल्या वेळी उठणं झालं का? झालं नसेल तर कामांची यादी करू नका. उठायची वेळ अर्ध्या तासाने उशिराची करा आणि तीच पाळा.

मग कामं. रोज संध्याकाळी उद्याची तीन लिहा: एक गरजेचं, एक पूर्वी आवडणारं, एक ज्यात दुसरा माणूस आहे. प्रत्येकाला वेळ द्या. 'उद्या फिरायला जाईन' हे काम होत नाही. 'साडेसहाला चपला घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत' हे होतं.

काम जड वाटलं तर तोडा. अंघोळीचंच घ्या, कारण नैराश्यात ती डोंगराएवढी होते आणि घरच्यांना तो आळस वाटतो. पहिल्या दिवशी टॉवेल आणि कपडे न्हाणीघरात नेऊन ठेवा, संपलं. दुसऱ्या दिवशी हातपाय-तोंड कोमट पाण्याने. तिसऱ्या दिवशी दोन तांबे अंगावर. हे वाचायला सोपं वाटतं, पण ज्याने चार दिवस अंघोळ केलेली नाही त्याला पहिल्या दिवसाची पायरीही पुरेशी मोठी असते. ती झाली की वहीत खूण करा.

कामाआधी आणि नंतर मनाला ० ते १० गुण द्या. दोनाचे तीन झाले तरी ते लिहा. नैराश्य 'काहीच फरक पडत नाही' असं सांगत राहतं, आणि त्याला उत्तर म्हणून तुमच्याकडे तुमच्याच हातचे आकडे हवेत.

नेहमीची चूक: एक चांगला दिवस आला की घर झाडायचं, राहिलेले सगळे फोन करायचे, जिमचे पैसे भरायचे. तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा अंथरुणात. चांगल्या दिवशी ठरलेल्यापेक्षा फार तर एक काम जास्त करा, आणि वाईट दिवशी तीनपैकी एक तरी.

## ६. चिंता आणि भीती

आधी श्वास, पण घाबरा झटका आल्यावर शिकायचा नाही. पोहायला कुणी पुरात शिकत नाही. शांत असताना रोज दोनदा, पाच मिनिटं: नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पोटावर ठेवलेला हात हलला पाहिजे. मोठमोठे श्वास घेऊ नका. त्याने हातापायांना मुंग्या येऊन घाबरणं वाढतं.

पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि नंतर उतरतो. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलेलं असेल, तर झटक्यात पळू नका, भांडू नका. जिथे आहात तिथे टेकून बसा, पाय जमिनीवर, श्वास बाहेर सोडताना लांबवा. पळालात तर मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' हे शिकतो, आणि पुढच्या वेळी ती जागा अधिक भीतीची होते.

दिवसभर घोळणाऱ्या काळजीसाठी एक वेळ ठरवा, समजा संध्याकाळी सहा ते सव्वासहा. दिवसा काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहा, 'सहाला बघू'. सहाला खरोखर बसा आणि प्रत्येकीला विचारा: यावर उद्या मला काही करता येईल का? येत असेल तर ते उद्याच्या तीन कामांत घाला. येत नसेल तर पंधरा मिनिटं संपल्यावर चिठ्ठी फाडा. झोपण्याआधीची वेळ यासाठी ठेवू नका.

टाळलेल्या गोष्टींसाठी पायऱ्या करा. लोकलची भीती बसलेल्या ठाण्याच्या माणसाचं उदाहरण देते. पहिली पायरी, दुपारी फलाटावर वीस मिनिटं नुसतं बसणं. मग कुणासोबत धिम्या गाडीने मुलुंड. मग तेच एकट्याने. मग घाटकोपर. मग जलद गाडी, आणि सर्वांत शेवटी सकाळची गर्दी. भीती ० ते १० मध्ये मोजा, आणि ती साधारण निम्म्यावर येईपर्यंत त्या पायरीवर थांबा. पहिल्यांदा यात अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो, म्हणून हातात वेळ ठेवून निघा. एक पायरी तीन-चारदा केल्यावर पुढची.

तपासा: खिशात गोळीची पट्टी, हातात सतत फोन, दाराजवळचीच जागा, असे आधार घेऊन पायरी चढताय का? सुरुवातीला चालेल. पण ते एकेक करून सुटेपर्यंत ती पायरी पूर्ण झाली असं धरू नका.

## ७. विचार, आता

उठणं आणि तीन कामं दोन-तीन आठवडे टिकली, मग विचारांकडे वळा. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, त्याच घटनेचा आणखी काय अर्थ निघू शकतो. 'वहिनीने फोन उचलला नाही. तिला माझा कंटाळा आलाय.' तिसऱ्या रकान्यात: 'साडेसात वाजले होते, ती पोळ्या करत असेल.' तिसरा रकाना गोड असण्याची गरज नाही, शक्य वाटणारा हवा. 'सगळं छान होईल' हे तिथे लिहू नका; आजारी मन त्यावर विश्वास ठेवत नाही आणि सरावच सुटतो. एकट्याने जमत नसेल तर हाच भाग समुपदेशकासोबत करावा, त्यासाठीच ते असतात.

## ८. घरच्यांनी काय करायचं

'मन घट्ट कर', 'तुला कमी काय आहे', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' ही तीन वाक्यं बंद. सूनबाई बाळंतपणानंतर रडत असेल तर 'बाळाकडे बघ' म्हणू नका. दोन आठवड्यांनंतरही रडणं आणि उदासी गेली नाही तर तिला डॉक्टरांकडे न्या. 'काही लागलं तर सांग' यापेक्षा नेमकं काही करा: "आई, मी गुरुवारी रजा घेतलीय, डॉक्टरांकडे दोघी जाऊ." जेवणाचं ताट समोर आणून शेजारी बसा, बोलायची सक्ती नको. गोळ्यांवर पहारा ठेवू नका, पण पट्टी संपत आली की नवी आणा.

## ९. बरं वाटायला लागल्यावर

बरं वाटलं म्हणजे औषधाचं काम चाललं आहे. पहिल्याच वेळचा त्रास असेल तर बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याहून जास्त. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. त्यालाच लोक 'सवय लागली' समजतात. कमी करायचं ते डॉक्टरांशी बोलून, टप्प्याने. मुलांच्या परीक्षा, घर बदलणं, घरातलं लग्न अशा काळात ते सुरू करू नका.

आणि बरे असतानाच एक पान लिहून ठेवा. त्यावर तुमच्या पहिल्या तीन खुणा. माझ्या अशा आहेत: पहाटे साडेतीनला जाग, बहिणीचे फोन न उचलणं, भाजी चिरताना हात थांबणं. खाली डॉक्टरांचा नंबर, पूर्वी लागू पडलेल्या औषधाचं नाव आणि मात्रा, १४४१६, आणि एका माणसाचं नाव ज्याला हे पान वाचायची आणि 'दोन खुणा दिसतायत, उद्या जाऊ या' असं म्हणायची परवानगी आहे. माझ्या पानाची एक प्रत बहिणीच्या पर्समध्ये असते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिने ती काढली, आणि त्या वेळी मी तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांसमोर होते.